चित्र, ऋतू आणि गोष्ट

सचित्र पुस्तक मुलांसाठी असते आणि मूल नीट वाचू लागले की चित्रांची गरज संपते, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. एकदा वाचलेली गोष्ट पुन्हा वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, ही तिच्याच जोडीची दुसरी समजूत. या दोन समजुतींमुळे वाचनातील एका जुन्या आणि निर्मळ आनंदाला आपण पारखे होतो. चित्रांनी सजलेली, एखाद्या ऋतूशी बांधलेली, घरातल्या चार माणसांनी मिळून वाचावी अशी गोष्ट आणि ती त्या ऋतूत दरवर्षी नव्याने उघडण्याची सवय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या आनंदाची चर्चा पुण्यात किंवा साताऱ्यात बसूनही करता येईल. परंतु एखाद्या गोष्टीचे मोल ती जेथे सहज मिळत नाही तेथे अधिक स्पष्ट दिसते. जबलपूर हे मराठी वाचनाच्या दृष्टीने असे ठिकाण आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपून हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे नर्मदेच्या या खोऱ्यात येत राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून येथील मराठी ही प्रामुख्याने घराची भाषा आहे.

शहराच्या उत्तर भागातील विजय नगरसारख्या नव्या वसाहतीत हे विशेष जाणवते. जुन्या वाड्यांतील शेजार तेथे नाही. दोन मराठी घरांच्या मध्ये अनेक हिंदी घरे आहेत. बाजार, शाळा, मैदान या सर्वांची भाषा हिंदी आहे. अशा घरातील मुलासंबंधी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेत देवनागरी लिपी शिकल्यामुळे ते मराठी पुस्तकातील अक्षरे अडखळत का होईना, वाचू शकते. पण लिपी ओळखीची असली तरी शब्द अनोळखी असतात. ‘पागोळ्या’ हा शब्द ते उच्चारील. पाऊस थांबल्यावरही छपराच्या कडेवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या धारा त्याच्या डोळ्यांपुढे येणार नाहीत. परक्या लिपीतील पुस्तकापुढे मूल थांबते आणि विचारते. ओळखीच्या लिपीतील अनोळखी शब्द मात्र ते न विचारता ओलांडून जाते. अर्थ निसटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ही फट भरून काढण्याचे काम चित्र करते, आणि भरलेली फट टिकवण्याचे काम ऋतू करतो. हा मुद्दा पुढे क्रमाने पाहू.

दोन श्रावण

ऋतूची गोष्ट म्हणजे काय, याचे आपल्याकडील सर्वांत जुने आणि घरगुती उदाहरण म्हणजे श्रावणातल्या कहाण्या. या कहाण्यांना वार नेमून दिलेले आहेत. सोमवारची कहाणी मंगळवारी सांगत नाहीत. ऐकणाराने हातात अक्षता धरून बसावयाचे असते. गोष्ट सर्वांना आधीपासून ठाऊक असते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती ऐकावीशी वाटते. आटपाट नगरात पुढे काय घडणार ही उत्सुकता तेथे नसते. ठरलेले वाक्य ठरलेल्या जागी येण्याची वाट पाहणे हाच त्यातला आनंद असतो.

जबलपूरच्या मराठी घरात या श्रावणाला आणखी एक पदर आहे. उत्तर भारतातील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, तर महाराष्ट्रात तो अमावास्येला संपतो. शुक्ल पक्षाची नावे दोन्हीकडे सारखीच येतात, पण कृष्ण पक्षाचे नाव बदलते. त्यामुळे शेजाऱ्यांचा ‘सावन’ मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. मराठी श्रावण त्यानंतर आणखी पंधरवडाभर, पिठोरी अमावास्येपर्यंत, चालतो. ज्या दिवशी शेजारी हरियाली अमावस्या असते, त्याच दिवशी मराठी घरात आषाढाचा शेवट म्हणून दिवे घासून पुसून मांडले जातात. आकाश एकच, पाऊस एकच, पण महिन्यांची नावे दोन. अशा वेळी आपला श्रावण कधी लागला, हे मुलाला बाहेरच्या जगाकडून कळत नाही. पहिली कहाणी वाचली गेली म्हणजे श्रावण लागला, एवढेच ते जाणते. येथे गोष्ट ऋतूचे केवळ वर्णन करीत नाही. घरापुरता तो ऋतू आणते.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. राजाची इच्छा असते की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. त्याच्या धाकाने लोक घरातील सगळे दूध देवळात नेतात. मुलांना मिळत नाही, वासरांना मिळत नाही, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी लेकरांना देते, गाईवासरांना तृप्त करते, घरच्यांचा आत्मा थंड करते, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन देवळात जाते. तेवढ्याने गाभारा भरतो. ही कहाणी घराच्या उबेची आहे. देवाकडे जाणारी वाट स्वयंपाकघरातून जाते, असे ती सांगते, आणि तेही बाहेर पाऊस कोसळत असताना सांगते. पण ‘खुलभर’ म्हणजे किती? हे माप आज बहुतेक घरांतून गेले आहे. शब्दकोश उघडण्यापेक्षा म्हातारीच्या हातातील इवलेसे भांडे आणि त्यामागे रिकामा पडलेला विस्तीर्ण गाभारा असे एक चित्र समोर असेल, तर मापही कळते आणि कहाणीचे मर्मही कळते.

भिंतीवरचे पुस्तक

असे चित्र आपल्या परंपरेत मुळीच नव्हते असे नाही. श्रावणाच्या आरंभी देवघराजवळ भिंतीवर जिवतीचा कागद लावण्याची चाल मराठी घरांत आहे. एका कागदावर चार चित्रे असतात. हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण, मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती. या चौघांच्या मागे चार गोष्टी आहेत आणि त्यांच्यासाठी श्रावणातले दिवस नेमलेले आहेत. नागपंचमीला कृष्णाकडे बोट जाते, शुक्रवारी जिवतीकडे, शनिवारी नरसिंहाकडे, बुधवारी आणि गुरुवारी चौथ्या चित्राकडे.

जिवतीच्या कागदाकडे आपण पूजेचे साहित्य म्हणून पाहतो. पण वाचनाच्या दृष्टीने ते एक पानाचे सचित्र पुस्तकच आहे. ते महिनाभर उघडे राहते, घरातील सर्वांत लहान माणसालाही दिसते, आणि गोष्टी मोठ्यांच्या तोंडून येतात. चित्र गोष्टीची आठवण करून देते आणि गोष्ट चित्राला अर्थ देते. नरसिंह पाहून मूल विचारते, हा कोण? जरा कोण, हे विचारले की महाभारतातील जरासंधाची कथा निघते. दोन शकले होऊन जन्मलेल्या बालकाला जोडणारी राक्षसी मुलांची रक्षणकर्ती कशी झाली, हे सांगताना मोठ्या माणसालाही विचार करावा लागतो. श्रावण संपला की कागद उतरतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा येतो, तेव्हा चित्रे तीच असतात आणि पाहणारे मूल एका वर्षाने मोठे झालेले असते. उत्तम सचित्र पुस्तकाकडून यापेक्षा अधिक काय अपेक्षावे?

चित्र वाचनाला काय देते

चित्र दाखवून कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात दक्षिण कोकणातील पिंगुळी या गावी आजही पाहावयास मिळते. कुडाळजवळच्या या गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवून रामायण-महाभारतातील प्रसंग सांगतात आणि गातात. या कलेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. चित्रकथ्याचा एक कागद बराच वेळ समोर राहतो. शब्द पुढे धावतात, सूर वर-खाली होतो, पण चित्र थांबलेले असते. श्रोत्याची नजर त्या थांबलेल्या चित्रावर फिरत राहते आणि शब्दांत आलेली हालचाल स्वतःच्या मनाने त्यात घालते. सचित्र पुस्तकाच्या आनंदाचे हेच रहस्य आहे. चित्र वाचनाची गती कमी करते. ओळ संपवून पान उलटण्याची घाई ते मोडते आणि वाचकाला मागे पाहावयास लावते.

म्हणून चांगले चित्र मजकुराची पुनरुक्ती करीत नाही. मजकुरात राजा रागावला असे म्हटले असेल आणि चित्रात रागावलेला राजाच काढला असेल, तर दोहोंपैकी एक अनावश्यक ठरते. चित्रात राजाच्या मागे दाराआड उभे असलेले भ्यालेले मूल दिसले, तर मजकुरात नसलेली एक गोष्ट वाचकाला सापडते. ती मूल आधी शोधते आणि मोठ्यांना दाखविते. सचित्र पुस्तक मिळून वाचावे ते यासाठी. तेथे अक्षरे जाणणारा आणि चित्रे पाहणारा यांची बरोबरी होते.

हिंदीभाषक प्रदेशातील मराठी मुलांना ‘चांदोबा’ या मासिकाने एक वेगळीच सोय करून दिली होती. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. त्याच्या इतर भाषांतील आवृत्त्या क्रमाने निघाल्या आणि १९५२ मध्ये ते ‘चांदोबा’ या नावाने मराठीत आले. चित्रे सर्व भाषांना सामाईक होती, मजकूर त्या त्या भाषेचा. प्रेत खांद्यावर टाकून, हाती तलवार घेऊन चाललेला विक्रम राजा सर्व भाषांत तोच होता. चित्रकार शंकर यांनी रेखाटलेली ती आकृती अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. शेजारच्या घरी हिंदी ‘चंदामामा’ आणि आपल्या घरी मराठी ‘चांदोबा’ असला, तर एकाच चित्राखाली दोन भाषा वाचण्याची संधी मुलाला आपोआप मिळे. भाषांतर म्हणजे काय, याचा इतका सोपा धडा दुसरा नसेल. हे मासिक आता निघत नाही, पण त्याने शिकविलेली रीत आजही उपयोगी आहे.

चित्रे मुलांसाठीच असतात या समजुतीला जबलपूरकडे स्वतःचे उत्तर आहे. भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनी ती चित्रांनी सजविली. त्यातील उद्देशिकेच्या पृष्ठाची सजावट जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी केली, आणि पृष्ठाच्या कोपऱ्यात ‘राम’ अशी लहानशी देवनागरी स्वाक्षरी केली. प्रजासत्ताकाने आपला सर्वांत गंभीर ग्रंथ सचित्र करावयाचे ठरविले, यातच चित्रांच्या प्रतिष्ठेविषयीचा निर्णय आहे.

वर्षातून एकदा येणारे पुस्तक

ऋतू आणि छापील पुस्तक यांची सांगड युरोपात नाताळाने घातली. चार्ल्स डिकन्स यांचे ‘ए ख्रिसमस कॅरोल’ डिसेंबर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात जॉन लीच यांची चित्रे होती आणि त्यांतील चार हाताने रंगविलेली होती. पुस्तक हातोहात खपले, पण देखण्या छपाईच्या खर्चाने लेखकाच्या नफ्याचा मोठा भाग खाल्ला. तरीही थंडीच्या दिवसांत, घरात, मिळून वाचावयाच्या गोष्टीचा नमुना त्याने घालून दिला. पुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक निघू लागले.

हा नमुना मराठीत आला तो दिवाळीच्या रूपाने. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला. सण सरत्या पावसानंतरचा, पिके घरात येण्याच्या सुमाराचा, सुट्टीचा. अंक जाड, चित्रांनी भरलेला, घरातील प्रत्येकासाठी काहीतरी असलेला. पुढे १९४५ मध्ये चित्रकार दीनानाथ दलाल यांनी ‘दीपावली’ सुरू केला. त्यातील रंगीत चित्रांनी साहित्याच्या बरोबरीने वाचकांची मने जिंकली. अंकाचे मुखपृष्ठ पाहिल्याखेरीज दिवाळी आली असे न वाटणाऱ्या वाचकांची एक पिढीच तयार झाली.

जबलपूरच्या वाचकाला हा अंक नेहमीच थोडा दुरून आला आहे. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथे पूर्ण झाला, आणि त्या मार्गाने इतर मालाबरोबर मराठी छापील शब्दही येऊ लागला. सण उलटून गेल्यावर अंक हाती पडला तरी दूरच्या वाचकाला त्याचे वाईट वाटत नाही. दिव्यांचे दिवस संपले तरी अंकातली दिवाळी उरते आणि ती कार्तिकाच्या थंडीत पुरवून पुरवून वाचता येते. येथेही पंचांगाची गंमत आहे. मराठी घराला जी आश्विनातील अमावास्या, तीच शेजाऱ्यांची कार्तिकातील अमावास्या. दिवे मात्र दोन्ही घरांत एकाच रात्री लागतात.

शेकोटी की शेगडी

ऋतूच्या गोष्टींचे भाषांतर करताना चित्र भाषांतरकाराचा पहारेकरी होते. सचित्र पुस्तकात चित्रे कायम राहतात आणि मजकूर बदलतो. चुकीचा शब्द घातला तर मूल लगेच चित्राकडे बोट दाखविते. थंडीच्या एखाद्या गोष्टीत आजी विस्तवाजवळ बसली आहे, असे वाक्य मूळ भाषेत असेल. मराठीत ती चुलीजवळ बसली आहे, शेगडीजवळ की शेकोटीजवळ? चुलीवर भांडे असते, शेगडी उचलून नेता येते, आणि शेकोटी उघड्यावर, काटक्या-पाल्याची, अनेकांनी मिळून भोवती बसावयाची असते. शब्द ठरविण्यासाठी चित्र पाहावे लागते. तिच्या अंगावरील पांघरूण जुन्या साड्यांचे तुकडे शिवून केलेले दिसत असेल, तर ती गोधडी. कापूस भरलेले असेल तर दुलई. मराठीला उबेचे इतके शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे चित्र आहे.

जबलपूरची थंडी कडक असते. पौष-माघात पहाटेचा पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेथील मूल उघड्यावर पेटविलेल्या विस्तवाला ‘अलाव’ म्हणते. त्याला ती वस्तू ठाऊक आहे, ऊबही ठाऊक आहे. ठाऊक नाही तो फक्त ‘शेकोटी’ हा शब्द. अशा वेळी चित्र दोन भाषांच्या मध्ये पूल होते. बोरन्हाणाचे वा हलव्याच्या दागिन्यांचे उलटे आहे. तेथे वस्तूच आसपासच्या जगात नाही. काळ्या कपड्यांतले, गळ्यात साखरेच्या पांढऱ्या दाण्यांची माळ घातलेले बाळ शब्दांनी समजावताना दमछाक होते. चित्र ते एका दृष्टिक्षेपात सांगते. म्हणजे शब्द गेला असेल तर चित्र शब्दाकडे नेते, आणि वस्तू गेली असेल तर चित्र वस्तूकडे नेते.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. आपली मराठी ऋतुचित्रे बहुधा कोकणातील पावसाची किंवा देशावरील सुगीची असतात. नर्मदेकाठचे मराठी मूल त्यांत स्वतःला शोधते तेव्हा त्याला आपले अंगण सापडत नाही. कोजागरीच्या रात्री भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर पडलेले चांदणे आणि त्याच रात्री घरी आटवलेले केशरी दूध, हे दोन्ही ज्यात एकत्र आहेत असे मराठी चित्रपुस्तक कोणीतरी काढावयास हवे. भाषा घरात टिकावयाची, तर तिला त्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या ऋतूविषयीही बोलता आले पाहिजे.

वाचावे कसे

सचित्र पुस्तक वाचण्याची एक साधी पद्धत सुचवावीशी वाटते. प्रथम पानावरील चित्र मुकाट्याने पाहावे. मग मजकूर मोठ्याने वाचावा. त्यानंतर पुन्हा चित्राकडे यावे आणि मजकुरात न आलेली एक तरी गोष्ट त्यात शोधावी. अनोळखी शब्दाचा अर्थ लगेच सांगू नये. चित्रात तो कोठे दिसतो, एवढेच विचारावे. मुलाने हिंदीत उत्तर दिले तर ते चुकीचे मानू नये. ‘अलाव’ म्हणणाऱ्या मुलाला अर्थ कळलेला आहे. त्याला आता आणखी एक शब्द द्यावयाचा आहे.

दुसरी सूचना पुनर्वाचनाची. पुस्तक वर्षभर हाताशी न ठेवता ऋतुमानाप्रमाणे काढावे आणि ऋतू सरला की ठेवून द्यावे. सहज मिळणाऱ्या वस्तूची वाट कोणी पाहत नाही. श्रावणाची गोष्ट श्रावणात, थंडीची पौषात, आणि ज्येष्ठातल्या कडक उन्हात मुद्दाम एखादी पावसाची. ऋतूशी जुळणारी गोष्ट जशी सुखवते, तशी ऋतूची ओढ लावणारी गोष्टही सुखवते.

ग्रंथालयांनाही येथे काम आहे. मराठी पुस्तकांचे एकच कपाट असले तरी त्यातील एक खण महिन्याप्रमाणे बदलता येतो. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता संगणकावरही पाहावयास मिळतात. त्यांतील ऋतूंच्या गोष्टी दूरच्या वाचकांना कळवाव्यात. जुने दिवाळी अंक रद्दीत न घालता पुढच्या आश्विनात पुन्हा मांडावेत.

भाषा जाते ती एकदम जात नाही. प्रथम ऋतूंचे शब्द जातात, कारण ते वर्षातून एकदाच लागतात. पागोळ्या, शेकोटी, हुरडा, खुलभर हे शब्द अकरा महिने कोणी उच्चारीत नाही, आणि बाराव्या महिन्यात उच्चारले नाहीत तर पुढच्या वर्षी ते आठवत नाहीत. ऋतूची सचित्र गोष्ट त्या बाराव्या महिन्याची सोय करते. तिचा आनंद हलकाफुलका आहे, हे खरे. पण विजय नगरमधील एखाद्या घरात, पावसाळी संध्याकाळी, आजीने वाचावे आणि नातवाने चित्रातील म्हातारीच्या हातातील भांड्यावर बोट ठेवून ‘खुलभर’ म्हणावे, एवढ्यासाठीही हा आनंद जपण्याजोगा आहे.